तिच्या मनगटाचं माप

सुतारकाका उंच. उंच म्हणजे किती, तर स्वतःच्या दुकानात शिरतानाही त्यांना मान वाकवावी लागायची, आणि हे दार आपण बसवलेलं नाही, आधीच्या मालकाचं आहे, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता ऐकवायचे. त्यांची बायको, गल्लीतल्या सगळ्यांची काकू, जेमतेम त्यांच्या छातीला लागायची. दोघं बाजारातून येताना दिसली की कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून ओरडायचा, "आली हो, शिडी आणि स्टूल!" काकूंना राग यायचा, पण स्टूल म्हटल्याचा नाही. शिडीचं नाव आधी का घेतलं, याचा.

त्या दोघांचं पहिलं भांडण फडताळावरून झालं. लग्न ठरल्यावर काकांनी नव्या घरातलं स्वयंपाकघर स्वतःच्या हातांनी उभं केलं. ओटा, मांडणी, भिंतभर फडताळं, खाचेत अशी बसणारी दारं की कागद आत जाणार नाही. लोक ते बघायला येऊन गेले. मग काकू आल्या. त्यांनी स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून हात वर केला. सगळ्यात खालच्या फळीलाही तो पोचला नाही. ओटा त्यांच्या काखेपर्यंत येत होता.

"सुरेख झालंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे स्वयंपाक तुम्हीच करणार ना?"

काका हसले. काकू हसल्या नाहीत. पुढचे काही दिवस स्वयंपाक खरंच काकांनी केला, आणि तो खाऊन त्यांना जे शहाणपण आलं ते कुठल्या उस्तादाकडे शिकूनही आलं नसतं. सगळं उतरवलं, बायकोला भिंतीशी उभं केलं आणि तिच्या कोपरावरून, खांद्यावरून, टाचा उंचावून पोचणाऱ्या बोटांवरून माप घेऊन पुन्हा बसवलं. त्या स्वयंपाकघरात काका जन्मभर डोकं आपटत राहिले. पण तेव्हापासून जो भेटेल त्याला ते सांगायचे, "माप भिंतीचं घ्यायचं नसतं. माणसाचं घ्यायचं असतं." आपलंच ब्रह्मवाक्य असल्यासारखं सांगायचे. काकू बाजूला बसून भाजी निवडत म्हणायच्या, "सांगा, सांगा. तुमचंच आहे ते."

त्यांना एकच मुलगी. सुट्टीत ती दुकानात बसायची, मुठीत स्क्रू धरून. काकांनी न बघता मागे हात केला की त्यावर बरोबर लांबीचा स्क्रू ठेवायचा, हे तिचं काम. चुकली तर काका ओरडत नसत. नुसता हात तसाच धरून ठेवत. ते ओरडण्याहून वाईट, असं ती मोठेपणीही म्हणायची. पुढे ती शिकली, नोकरीला दुसऱ्या शहरात गेली, तिथेच संसाराला लागली. दुकानही काकांनी यथावकाश विकलं आणि हत्यारं घरी आणली. काकूंनी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून दिला. वरचा त्यांच्या काय कामाचा!

आणि मग काकूंचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी वाटलं, अशक्तपणा असेल. मग बशीत चहा सांडायला लागला, मग पावलं लहान झाली, मग एक दिवस त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. "अहो, पाय उचलत नाहीत," त्या म्हणाल्या. "जमिनीला चिकटलेत." डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं. हळूहळू वाढत जाईल, म्हणाले, आणि घरात पडू देऊ नका. पडणं हेच खरं संकट.

काका त्या दिवशी घरी आले आणि त्यांनी रंधा काढला. दुःख झालं की काही माणसं देवापुढे बसतात, काही बाटलीपुढे. काका रंध्यापुढे बसले. घरातला एकेक उंबरा त्यांनी तासून जमिनीला सपाट केला. पलंगाच्या पायांखाली ठोकळे घातले, म्हणजे उठताना गुडघ्यांवर भार नको. बाथरूममध्ये बसायला फळी केली, तिचे कोपरे असे घासले की अंधारात हात फिरवला तरी टोचू नयेत. डॉक्टर म्हणाले होते की जमिनीवर पट्टे आखले तर अडकलेलं पाऊल पट्टा ओलांडायला म्हणून उचललं जातं, तसे काकूंच्या पावलाच्या अंतरावर पांढरे पट्टे रंगवले, पलंगापासून थेट बाथरूमपर्यंत. काकू ते बघून इतक्या हसल्या की धरून बसवावं लागलं. "आता सिग्नलही बसवा," म्हणाल्या. "लाल दिवा लागला की भांडी तुम्ही घासायची."

आणि दांड्या. काकांच्या हयातभराच्या कामातलं सर्वांत चांगलं काम कोणतं विचाराल तर ते लोकांना करून दिलेल्या नक्षीदार कपाटांचं नाव घेणार नाहीत, या दांड्यांचं घेतील. मोडीत निघालेल्या खिडकीच्या चौकटीचं पिकलेलं लाकूड त्यांनी आणलं, गोल केलं, काकूंची मूठ पूर्ण मिटत नव्हती म्हणून बारीक केलं, आणि काचकागदाने इतकं घासलं की हात नुसता सरकत जावा. उंची कशी ठरवायची? काकूंना भिंतीशी उभं करायचं, हात सैल सोडायला सांगायचं, आणि मनगटाचं हाड येईल तिथे पेन्सिलीने खूण. वाकून, डोळा बारीक करून काका ती खूण करत असताना काकू वरून म्हणायच्या, "शिंपीणसुद्धा एवढा वेळ लावत नाही हो."

घरभर दांड्या झाल्या. पलंग ते बाथरूम, बाथरूम ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते खिडकी. काकू एक दांडी सोडायच्या आत दुसरी धरायच्या. पण दुखणं थांबणारं नव्हतं. काकू वाकत गेल्या, मनगट खाली येत गेलं, आणि दांडी उंच पडायला लागली. मग काका ती उतरवायचे, जुनी भोकं पुट्टीने बुजवायचे आणि खाली नवी पाडायचे. लोकांच्या घरात दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या खुणा वर चढत जातात. या घराच्या भिंतीवर त्या खाली उतरत गेल्या.

"असंच चाललं तर शेवटी दांडी फरशीला टेकेल," काकू एकदा म्हणाल्या.

काका गॅलरीत जाऊन पटाशीला धार लावत बसले. पटाशीला धार होती.

पण काकू पडल्या नाहीत. एकदाही नाही. सुतारकाकांना आयुष्यात गर्व झाला तो याच एका गोष्टीचा, आणि तो गर्व त्यांना शोभून दिसे. काकू स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर, दुपारचा चहा अर्धा पिऊन गेल्या. शेवटच्या दिवशीही त्या खिडकीपर्यंत चालत जाऊन आल्या होत्या.

काकू होत्या तेव्हापासूनच लोक काकांना बोलवायला लागले होते. कुणाची आई, कुणाचे सासरे. काका पट्टी आणि पेन्सिल घेऊन जायचे आणि आधी घर न बघता माणूस बघायचे. एका घरात मुलाने फरशीच्या ओळीला समांतर छान दांडी ठोकली होती. काकांनी त्याला विचारलं, "म्हातारपण कुणाला आलंय? फरशीला?" एका निवृत्त हेडमास्तरांनी तर त्यांना दारातच अडवलं. मला कसल्याही आधाराची गरज नाही, म्हणाले. काका म्हणाले, "आधार कोण देतंय? टॉवेल वाळत घालायला दांडी लावतोय. सुनबाई म्हणाल्या टॉवेल ओले राहतात." हेडमास्तर मरेपर्यंत त्या दांडीला टॉवेलाची दांडीच म्हणत होते, आणि तिला धरल्याशिवाय एकदाही उठले नाहीत.

तेव्हा अशा माणसाच्या घरात काही बिघडेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

काकू गेल्यानंतर काका एकटे राहत. लेक रोज फोन करायची, महिन्यातून एकदा येऊन जायची. काका ठणठणीत असल्याचं सांगायचे. मग एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना डोक्यावर धप्प आवाज ऐकू आला. त्या मशीन तसंच सोडून वर धावल्या. काका बाथरूमच्या दारात आडवे पडले होते, एक हात दांडीवर.

"पोरीला सांगू नका," हे त्यांचं पहिलं वाक्य.

"काका, फोन लावून झाला," शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांच्या कानाला फोन होताच.

हाड मोडलं नव्हतं. मुका मार, कमरेवर काळं-निळं. लेक संध्याकाळपर्यंत आली, रजा टाकून राहिली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वडिलांना पलंगावरून उठून बाथरूमकडे जाताना पाहिलं.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात दुधाचं पातेलं. काका कमरेत वाकले होते. डावा हात दांडीवरून सरकत होता, मान खाली, आणि पावलं लहान लहान, एकेका पांढऱ्या पट्ट्यावर मोजून टाकलेली. तिने हे चालणं पाहिलं होतं. वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तिने पातेलं ओट्यावर ठेवलं. आईला झालं तेच बाबांना झालं, एवढं एकच तिच्या मनात आलं.

काका बाहेर आल्यावर तिने एवढंच सांगितलं, "बाबा, डॉक्टरांकडे जायचंय. आणि खरंच तसं काही निघालं तर तुम्ही इथे एकटे राहायचं नाही. माझ्याकडे यायचं."

काकांना 'तसं काही' म्हणजे काय ते कळलं नाही. 'माझ्याकडे यायचं' तेवढं कळलं. दवाखान्यापर्यंत तेच त्यांच्या डोक्यात होतं. लेकीचं घर चांगलं होतं, जावई भला होता, नातवंडं गळ्यात पडायची. पण तिथे त्यांना खुर्ची कुठे सरकवावी हेही विचारावं लागायचं. स्वतःचं घर त्यांना सोडायचं नव्हतं, आणि हे लेकीला कसं सांगावं ते त्यांना येत नव्हतं.

डॉक्टरांनी हात बघितले, बोटं उघडझाप करायला लावली, मग दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात चालून दाखवायला सांगितलं. काका निघाले. लेक बघतच राहिली. एक गुडघा कुरकुरत होता, वळताना तोल किंचित गेला, पण पावलं लांब होती, हात सैल हलत होते, आणि छताला टांगलेल्या पाटीखालून जाताना त्यांनी सवयीने मान वाकवली.

"कंपवात नाही," डॉक्टर म्हणाले. "गुडघे झिजलेत, तोल कमी झालाय, वयाचं आहे. पण घरी तुम्ही सांगता तसे चालत असतील तर घरात काय आहे ते बघा. असंच वाकत राहिले तर पाठ तशीच राहील, आणि पुन्हा पडतील."

घरी आल्यावर लेकीने मुद्दाम वडिलांना पुढे जाऊ दिलं. काका दारातून व्हरांड्यातल्यासारखेच चालत आत आले. डावा हात आपसूक खाली गेला, दांडीवर टेकला, आणि त्याच्यामागोमाग अख्खा माणूस खाली गेला. खांदे, पाठ, मान. लांब पावलं पहिल्या पट्ट्यावर आखूड झाली.

ती खुर्चीत बसली.

"बाबा, तुम्ही आईसारखं चालता."

"काहीतरीच बोलू नकोस."

"ही दांडी आईच्या मनगटाची आहे. शेवटच्या दिवसांतली. तुम्ही त्या दांडीला पोचायला वाकता. म्हणून पडलात."

काका पलंगावर बसले. दुसऱ्या कुणाच्या घरात असं दिसलं असतं तर त्यांनी त्या घरच्यांची सालटी काढली असती. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. ती दांडी धरली त्या पहिल्याच दिवशी माहीत होतं. सुताराचा हात आहे, त्याला उंची कळते.

"मी वर लावते," लेक म्हणाली. "ड्रिल कुठे आहे?"

"दांड्यांना हात लावायचा नाही."

"का?"

"सांगितलं ना, लावायचा नाही."

"मग चला माझ्याकडे!" ती ओरडली. वडिलांवर ओरडण्याची तिची ही पहिलीच वेळ. "मला रोज सकाळी फोन वाजला की धस्स होतं. शिंपीणबाईंचं नाव दिसलं की श्वास अडकतो. या दांड्या ठेवायच्या असतील तर ठेवा, घराला कुलूप लावू. पण मग त्या धरणार कोण?"

काकांनी शेजारच्या दांडीवर हात ठेवला.

"चेहरा आठवायचा तर फोटो आहेत," ते म्हणाले. "आवाज तुझ्या फोनमध्ये आहे. पण ती केवढी होती हे कुठल्या फोटोत बघू? फोटोत सगळे सारखेच. ही धरली की माझा हात तिच्या हाताच्या जागी असतो. दिवसातून कितीदा तरी. तू ते वर नेलंस की गेलं."

लेक उठून त्यांच्याजवळ आली आणि जमिनीवर बसली, लहानपणी दुकानात बसायची तशी. दोघंही रडली. रडण्यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि बघायलाही कुणी नव्हतं. खाली शिंपीणबाईंचं मशीन चालू होतं.

मग काकांनी नाक पुसलं, उठून कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि ड्रिल मशीन, पट्टी, पुट्टीचा डबा बाहेर काढून ठेवला.

"तू घे माप," ते म्हणाले. "स्वतःचं स्वतःला घेता येत नाही. खूण बघायला वाकलं की मनगट खाली जातं."

ते भिंतीशी उभे राहिले. हात सैल सोडला. आजवर असं भिंतीशी त्यांनी दुसऱ्यांना उभं केलं होतं, आणि ती सगळी माणसं म्हातारी होती. लेकीने पेन्सिल घेतली, वाकली.

"सरळ उभे राहा, बाबा."

"सरळच उभा आहे."

तिने वर पाहिलं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तिने तळहात त्यांच्या पाठीवर ठेवला, हलकेच दाबला. पाठीत कुठेतरी कट् वाजलं, ते थोडे वर आले आणि थांबले. दुकानाच्या दारात मान वाकवणारा तो माणूस काही सगळा वर आला नाही.

"अजून थोडं?"

"नाही. आता एवढाच आहे मी," काका म्हणाले. "होतो त्याचं नको. आहे त्याचं घे."

तिने मनगटाच्या हाडाशी खूण केली.

दुपार त्या कामात गेली. स्क्रू गंजून धरले होते ते काकांनी सोडवले, भोकं लेकीने पाडली. मशीन तिरकं धरलं की काका नुसते खाकरायचे. दांडी वर गेल्यावर तिच्या जागी खाली दोन भोकं उघडी पडली.

"ही राहू देऊ का तशीच?" लेकीने विचारलं.

"छे. भर. मुंग्या शिरतात."

तिने ती पुट्टीने भरली, बोटाने सपाट केली. पुट्टी वाळेपर्यंत काका पलंगावर बसून होते. मग बाथरूमला जायला उठले. लेक मुद्दाम पुढे झाली नाही, हात धरायलाही गेली नाही.

काकांचा हात खाली गेला. तिथे भिंत होती. बोटं त्या गार, ओल्या पुट्टीवर टेकली आणि क्षणभर तिथेच राहिली. मग हात वर सरकला, लाकूड सापडलं, मूठ मिटली, आणि हाताच्या मागोमाग पाठ वर आली. त्या उंचीवरून त्यांना खिडकीबाहेरचा रस्ता पार कोपऱ्यापर्यंत दिसला. ते निघाले. पांढऱ्या पट्ट्यांवर त्यांचं पाऊल बसेना, ते दोन-दोन ओलांडून जायला लागले, आणि बाथरूमच्या दाराशी पोचल्यावर मागे न बघता म्हणाले, "वर लागलीय. बरोबर लागलीय."